‘ए’च्या पुढे

माझं इंग्रजी ‘ए’ या अक्षरात फार भक्कम आहे. अबँडन, अबेट, अबॉलिश, अ‍ॅबस्टेन... रात्री दोन वाजता उठवून विचारा, अर्थासकट सांगेन. ‘बी’मध्ये जरा चाचपडतो. ‘सी’पासून पुढे जे काही आहे ते रस्त्यात, बँकेच्या फॉर्मवर, क्रिकेटच्या कॉमेंटरीत सापडलेलं. कारण उघड आहे. शब्दसंग्रह वाढवायचा संकल्प मी आयुष्यात किमान सात वेळा सोडला आणि दर वेळी कोश पहिल्या पानापासून उघडला. कधी एक जानेवारीला, कधी पाडव्याला, एकदा तर नुसती बदली झाली म्हणून. सगळे संकल्प पंधरवड्याच्या आत बारगळले. ‘अबँडन’ हा शब्द सुरुवातीलाच येतो ही कोशकारांनी केलेली सोयच म्हणायची.

पुढे कधीतरी वाचलं, की ऑक्सफर्डचा मोठा कोश करायचा विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत निघाला १८५७ साली आणि त्याचा पहिला भाग छापून आला १८८४ मध्ये. त्या भागात काय होतं? ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत. सत्तावीस वर्षांत मुंगीपर्यंत! ते वाचून मला फार बरं वाटलं. त्यांनी १९२८ साली काम तडीस नेलं, हा भाग मी सोयीस्करपणे विसरतो.

आमची आणि इंग्रजीची गाठ पडली पाचवीत. सातारा जिल्ह्यातली मराठी शाळा, अंगात खाकी चड्डी. वडिलांचं ठाम मत होतं, की रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचावा आणि अडलेले दहा शब्द लाल पेन्सिलीनं अधोरेखित करावेत. मी पहिल्या दिवशी अधोरेखित केले तेव्हा अग्रलेख सगळाच लाल झाला. मग दोनशे पानी वही आली. तीन रकाने आखले: शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. पहिले दोन रकाने कोशातून उतरवायचे, त्यात डोकं लागत नव्हतं. तिसऱ्यासाठी मी एक युक्ती काढली होती. ‘राम इज अ‍ॅबजेक्ट.’ ‘गोपाळ इज अब्रप्ट.’ ‘इट इज अ‍ॅबसर्ड.’ शब्द कुठलाही येवो, राम नाहीतर गोपाळ तो अंगावर घ्यायला हजर. मास्तरांनी बरोबरची खूण केली आणि आम्ही पुढच्या पानावर.

त्या वाक्यांत चूक काही नव्हती. त्यांत काहीच नव्हतं, हीच चूक होती. पण ती कळायला मला पिंपरीतल्या कारखान्यात नोकरी लागावी लागली.

मी खरेदी विभागात होतो. मे महिना होता. इंग्लंडहून एक इंजिनिअर यंत्र बसवायला आला होता आणि त्याला शेडपासून कँटीनपर्यंत घेऊन जाणं माझ्याकडे होतं. दुपारचे साडेबारा, पत्रे तापलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून ‘आज ऊन फार कडक आहे’ हे वाक्य मी मनात जुळवलं, कोशातला ‘कडक’ आठवला आणि बोलून गेलो, ‘टुडे द सन इज व्हेरी स्ट्रिक्ट.’

तो थबकला. कपाळाचा घाम पुसत त्यानं वर पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘येस, ही इज.’ मागून येणारे आमचे साहेब मात्र ठसका लागेपर्यंत हसले. पुढे किती तरी उन्हाळे ते जिन्यात भेटले की विचारायचे, ‘काय, आज स्ट्रिक्ट आहे का?’

त्या रात्री मी ‘कडक’ घेऊन बसलो. चहा कडक असेल तर इंग्रजीत तो स्ट्राँग. साहेब कडक असेल तर स्ट्रिक्ट. कोरी कडक नोट क्रिस्प. पोलिसांचा कडक बंदोबस्त टाइट. कॉलरची कडक इस्त्री स्टिफ. ऊन मात्र स्कॉर्चिंग. आपण एका शब्दावर सगळं घर चालवतो आणि ते प्रत्येक खोलीला वेगळा नोकर ठेवतात. पत्रिकेतल्या कडक मंगळासाठी शब्द शोधला, तर इंग्रजीला मंगळाचा हा स्वभावच ठाऊक नाही. उलट बाजूनंही तेच. त्यांचा ‘हेवी’ पावसाला लागला की आपल्याकडे मुसळधार होतो, रहदारीला लागला की तुडुंब, झोपेला लागला की गाढ. फक्त ‘हेवी हार्ट’ आणि ‘जड अंतःकरण’ इथे दोघी एका तराजूत बसतात. दुःखाचं वजन सगळीकडे सारखंच भरत असावं.

म्हणजे अर्थ पाठ करून शब्दाचं नुसतं नाव-गाव कळतं. त्याची सोयरीक कुणाशी जमते आणि कुणाच्या दारात तो पाऊल टाकत नाही, हे राम आणि गोपाळ सांगू शकत नाहीत.

फजितीशिवाय दुसरी एक वाट मला उपयोगी पडली, आणि ती दाखवली संस्कृतच्या बाईंनी. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं भलतीकडेच ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’; पण मागे ‘प्र’ लागला की फटका, ‘आ’ लागला की जेवण, ‘वि’ लागला की फिरायला जाणं. आठवीत हे घोकलं ते मार्कांसाठी. पंधरा वर्षांनी एकदा बसमध्ये उभ्यानं प्रवास करताना डोक्यात उजेड पडला, की ‘स्पेक्ट’ हा लॅटिन गृहस्थ अगदी ‘हृ’सारखाच आहे. त्याचा अर्थ बघणं. आत बघितलं की इन्स्पेक्ट. वळून पाहिलं की रिस्पेक्ट. मोठं माणूस गेल्यावर आपण मान वळवून पाहतोच की. आणि खालून, पापणीच्या आडून पाहिलं की सस्पेक्ट. आमच्या चाळीतल्या एक आजी दारावर आलेल्या प्रत्येक फेरीवाल्याला नेमक्या तशा पाहायच्या. तेव्हापासून ‘सस्पेक्ट’ म्हटलं की मला त्यांचा चष्मा दिसतो. संस्कृतातला ‘पश्’ हा या ‘स्पेक्ट’चा सख्खा नातेवाईक, हे कळल्यावर तर परकेपण आणखी थोडं गेलं.

असे नातेवाईक बरेच निघाले. स्कूटर सुरू होईना म्हणून गॅरेजवाल्याकडे ढकलत नेली, तो किक मारून म्हणाला, ‘इग्निशन गेलंय.’ लॅटिन ‘इग्निस’ आणि आपला अग्नी एकाच घरातले. डेंटलमध्ये दंत, पेडलमध्ये पाद, सर्पंटमध्ये सर्प. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळातून आल्या असाव्यात असं संस्कृतचे इंग्रज अभ्यासक सर विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्यात म्हणाले होते. मला ते पटलं गॅरेजात, हात काळे झालेले असताना. अर्थात या नादात वाहवत जायला वेळ लागत नाही. ‘कष्टानं मरतो तो कष्टमर’ अशी व्युत्पत्ती मला दर महिन्याला कुणीतरी फोनवर पाठवतं.

रीतसर देवघेवही आहेच. रेल्वेची वॅगन आपल्याकडे येऊन वाघीण झाली आणि साखरेची पोती वाहू लागली. आपलं मुंगूस तिकडे जाऊन मंगूस झालं.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई परीक्षेच्या अभ्यासासाठी ती महिनाभर आमच्याकडे राहिली आहे. तिच्याकडे वही नाही, फोनवर कार्डं आहेत. येणारा शब्द चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी पुढ्यात येतो. न येणारा उद्या सकाळीच दारात उभा. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये दाखवून दिलं होतं, की पाठ केलेलं आधी भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यासाठी त्यानं निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ केली. ‘राम इज अ‍ॅबजेक्ट’ त्याला आयतं चाललं असतं. भाचीच्या परीक्षेत पूर्वी नुसते विरुद्धार्थी शब्द विचारायचे, ते २०११ मध्ये काढून टाकले. आता वाक्यात गाळलेली जागा असते आणि तिथे कोण शोभेल ते ठरवायचं. परीक्षेलाही सोयरीक कळली म्हणायची. माझ्यापेक्षा जरा उशिरा.

परवा कच्चं काम करायला कोरी पानं हवीत म्हणून तिनं कपाटातून माझी ती दोनशे पानी वही ओढून काढली. सतराव्या पानावर ‘बॅशफुल’ होता. ‘गोपाळ इज बॅशफुल.’ तिथे माझं अक्षर संपलं होतं. पान उलटलं तर पुढे आईचं. कागद वाया जाऊ नये म्हणून तिनं त्याच तीन रकान्यांत दुधाचा हिशेब मांडला होता. तारीख, सकाळ, संध्याकाळ. एक, अर्धा, एक, अर्धा, खाडा. एक, खाडा, एक.

‘मामा, खाडा म्हणजे?’

‘दूध आलं नाही तो दिवस.’

‘सुट्टी?’

‘सुट्टी दूधवाल्याची. खाडा आपला. महिन्याच्या शेवटी पैसे कापायचे असतात ना.’

‘मग इंग्रजीत काय म्हणायचं? अ‍ॅबसेंट?’

मी विचार केला. शब्द ‘ए’चाच होता, तरी बसेना. कामवाल्या बाई, पेपरवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांचे खाडे डोळ्यांपुढून गेले. तोवर तिनं फोन उघडून नवं कार्ड केलं होतं. एका बाजूला देवनागरीत ‘खाडा’ लिहिलं आणि दुसरी बाजू कोरी ठेवून तिनं ते उद्या सकाळवर टाकलं.