परसात माती, पार्किंगला खडी: माझा अनुभव

माती-खडीवाल्याला फोन लावला की तो विचारतो, "किती ब्रास?" आणि आपण विचारतो, "काय भावाने?" माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी विचारायचं ते "कुठली माती?" आणि "कुठल्या गाडीतून आणणार?" या दोन प्रश्नांवर जो गुळमुळीत बोलतो त्याचा भाव कितीही स्वस्त असला तरी फोन ठेवून द्यावा.

साताऱ्याला आमचं घर बांधून झालं तेव्हा मागचं परस म्हणजे विटांचे तुकडे, वाळून दगड झालेलं सिमेंट आणि सळयांची टोकं. सासूबाईंना तिथे भाजीचे वाफे हवे होते, मला थोडी हिरवळ आणि एक लिंबाचं झाड, नवऱ्याला पुढच्या बाजूला चिखल न होणारं पार्किंग. फरशी किंवा पेव्हर ब्लॉक टाका असं सगळ्यांनी सुचवलं, पण पावसाचं पाणी जमिनीत मुरावं हा माझा हट्ट होता. म्हणून पुढे खडी, मागे माती. राडारोडा आधी उचलून नेला. त्याच्यावर थेट माती पसरणारे पुष्कळ असतात. वर्षभराने कुदळ मारली की विटा वर येतात.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही फुटांत घेऊन गुणायची आणि शंभराने भागायचं, एवढंच गणित. आमचं परस ३० बाय १८ फूट, म्हणजे ५४० चौरस फूट. भाजीला आणि हिरवळीला मिळून ९ इंच थर धरला, म्हणजे पाऊण फूट. ५४० गुणिले ०.७५ म्हणजे ४०५ घनफूट, चार ब्रास. पण माती सुटी येते आणि एका पावसात बसते, म्हणून वर पाव हिस्सा धरला. एकूण पाच ब्रास. त्यातली चार माती आणि एक ब्रास कुजलेलं शेणखत. पार्किंग २० बाय १२ आणि बाजूची पायवाट ४० बाय ३, दोन्ही मिळून ३६० चौरस फूट. त्याखाली दाबलेला मुरूम ४ इंच, वर खडी ३ इंच. खडी ९० घनफूट निघाली, म्हणजे एक ब्रासला थोडी कमी. मुरूम हिशेबाने १२० घनफूट, पण रोलर फिरला की तो दबतो, म्हणून दीड ब्रास सांगितला.

हे कागदावर लिहून ठेवल्याचा फायदा पहिल्याच विक्रेत्यापाशी झाला. जागा न बघता, फोनवरच तो म्हणाला, "एवढ्या परसाला दहा ब्रास लागतीलच, ताई." मी आकडे वाचून दाखवले तेव्हा "तुमचं काय ते बघा" म्हणाला.

दराचा आकडा इथे मुद्दाम देत नाही. तो गावागणिक बदलतो, आणि मे महिन्यात जो असतो तो दिवाळीनंतर नसतो. खाणीपासून घर किती लांब यावरच निम्मं ठरतं. पण दरात काय काय धरलंय ते मात्र विचारावंच: भरणावळ, वाहतूक, रॉयल्टी, आणि उतरवून घेणं.

रॉयल्टीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण घरगुती गिऱ्हाईक तिकडे लक्षच देत नाही. खडी, मुरूम आणि भरावाची माती हे सगळं कायद्याने गौण खनिज. सरकारला ब्रासमागे स्वामित्वधन भरावं लागतं. २०२१ मध्ये ते ४०० वरून ६०० रुपये झालं. रीतसर गाडीबरोबर वाहतुकीचा पास असतो, त्यावर गाडीचा नंबर, माल किती आणि कुठून निघाला हे असतं. विनापरवाना उत्खनन-वाहतूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि गाडीही जप्त होते. एकाने मला सरळ सांगितलं, "पावती पाहिजे तर दर वेगळा. नाहीतर रात्री आणून टाकतो, सकाळी उठून बघा." सकाळी उठून काय बघायचं? ढीग किती ते तर अंधारात मोजता येत नाही, आणि माल परत न्या म्हणायला समोर माणूसही नाही. पासाचा आग्रह धरला तो काही केवळ नागरिकशास्त्रापोटी नाही. पासवर किती ब्रास ते लिहिलेलं असतं, म्हणून.

याच कारणाने लाल मातीचा नाद सोडला. फुलझाडांना लाल मातीच हवी असं नर्सरीत सांगितलं होतं. चौकशी केली तर एकजण म्हणाला, "महाबळेश्वर साइडची आणून देतो, एक नंबर." महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, आणि त्याच्याकडे कसलाच कागद नव्हता. जांभ्यावरचा तो पातळ थर तयार व्हायला किती काळ गेला असेल. चार गुलाबांसाठी तो खरवडून आणायचा हे मनाला पटेना.

बांधकामाच्या पायातली माती फुकट मिळत होती. "फक्त वाहतूक द्या." ती दहा-बारा फुटांखालची, तिच्यात जीव नसतो. खड्डा भरायला ठीक, वाफ्याला नाही.

शेवटी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडे चांगली वरच्या थराची माती निघाली. रान सपाट करायचं काम चाललं होतं, कागद होता. सासूबाईंना घेऊन गेले, कारण माती बघण्यात त्यांच्यापुढे माझं शिक्षण कुचकामी. त्यांनी ओलसर माती मुठीत दाबली, उघडून अंगठ्याने ढोसली. गोळा फुटला. "चिकण नाय. पण लव्हाळा हाय का बघ," म्हणाल्या आणि हाताने उकरायला बसल्या. एका कडेला लव्हाळ्याच्या काळ्या गाठी सापडल्याच. "इथली नको, त्या बांधाकडची भरा," असं त्यांनी शेतकऱ्याला तोंडावर सांगितलं. लव्हाळा एकदा परसात शिरला की उपटून जात नाही, गाठ खाली राहते आणि पुन्हा फुटते. ट्रॉली रिकामी झाल्यावर हे कळून उपयोग नसतो. माझे प्रयोग घरी झाले: काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवून ठेवलं. वाळू मिनिटभरात खाली बसली, पोयटा म्हणजे बारीक गाळ काही तासांत, चिकणमातीचं गढूळ पाणी दुसऱ्या दिवशीही पुरतं निवळलं नव्हतं. थरांच्या जाडीवरून अंदाज आला. दुसऱ्या एका काळ्या मातीवर लिंबू पिळलं तेव्हा ती फसफसली, म्हणजे चुनखडी. अशा मातीत झाडाला लोह नीट घेता येत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. ती बाद केली.

शेणखताला हात घालून बघायचा. वास आला, आत ऊब लागली, की ते कच्चं. कच्च्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि हिरवळीची मुळं खातात. कुजलेलं खत मातीसारखंच भुगभुगीत असतं.

आता गाडी. सहा ब्रासचा डंपर ब्रासमागे स्वस्त पडतो, पण आमची गल्ली बारा फुटी, वळणावर ड्रेनेजचं झाकण, आणि विजेची तार इतकी खाली की डंपरचा हौदा वर उचलला तर टेकलीच. शिवाय फाटकाच्या आत जमिनीखाली पाण्याची टाकी. तिच्या स्लॅबवर भरलेली गाडी चढवायची नाही, हे मी ड्रायव्हरला आधी सांगितलं आणि चुन्याने चौकोन आखून ठेवला. छोट्या हत्तीत आणतो म्हणणारेही भेटले. त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास. एक ब्रास खडीच सव्वाचार टनांच्या घरात जाते. फेऱ्यांचं भाडं धरलं तर हिशेब बसत नाही. म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉली, तीही हायड्रॉलिक.

ट्रॉली रिकामी असतानाच आतून टेप लावावी, आणि ती गिऱ्हाइकाने स्वतः लावावी. मातीवाल्या शेतकऱ्याची ट्रॉली १० बाय ६, उंची पावणेदोन फूट, म्हणजे १०५ घनफूट. सपाट भरली तरी ब्रास पुरा. मुरूमवाल्याची मात्र ९ बाय साडेपाच बाय दीड भरली, जेमतेम ७४ घनफूट.

"आमच्याकडं हीच ब्रास म्हणून जाते, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "शिगोशीग भरून आणतो की."

"शीग रस्त्यात बसते, दादा. पाऊण ब्रासचे पैसे घ्या, शीग तुमची."

मालकाला फोन झाला, थोडी कुरकुर झाली, आणि पाऊण ब्रासच्या दराने दोन ट्रॉल्या ठरल्या. भांडण नाही झालं. टेप हातात असली की आवाज चढवावा लागत नाही.

खडीला वजनकाट्याची पावती मागितली तर चालते, मातीला नाही. ओली माती वजनात भरपूर आणि मापात कमी येते, त्यामुळे माती नेहमी घनफुटावर घ्यावी.

खडीचा आकार ठरवताना नवऱ्याला गुळगुळीत गोटे हवे होते, हॉटेलांबाहेर असतात तसे. गाडीच्या चाकाखाली गोटे सरकतात. फोडलेल्या खडीचे कोपरे एकमेकांत अडकतात आणि थर जागेवर राहतो. पार्किंगला २० मिमी बरी आणि पायवाटेला १२, पण एक ब्रासमध्ये दोन आकार घ्यायचे म्हणजे दोन फेऱ्यांचं भाडं. १२ मिमीवर भागवलं. क्रशरवरून भुकटीसकट खडी येते, म्हणून "चाळलेली द्या" असं बजावलं. मुरुमावर जाड कापड अंथरून मग खडी टाकली, नाहीतर पावसाळ्यात ती खाली रुतत जाते; कडेने विटांची ओळ. सासूबाई अनवाणी तुळशीला पाणी घालायला जातात, तेवढ्या वाटेवर मधोमध शहाबादी फरशा बसवल्या.

उतरवण्याचं मजुरांना उक्तं दिलं, ब्रासमागे. हजेरीवर दिलं असतं तर मला दिवसभर उभं राहावं लागलं असतं आणि त्यांनाही ते आवडलं नसतं. दोन गोष्टी आधीच कराव्यात: शेजाऱ्यांना सांगून गाड्या काढून ठेवायच्या, आणि ढीग पडणार तिथे ताडपत्री अंथरायची. डांबरी रस्त्यावर पडलेली शेवटची खडी गोळा करता येत नाही, ती दुचाकीवाल्यांच्या चाकाखाली जाते आणि शिव्या आपल्याला. दुसरी ताडपत्री ढिगावर झाकायला. वळीव कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि भिजलेली माती घमेल्याला अशी चिकटते की मजूरच काम सोडून बसतात.

पसरताना माझी नजर फक्त भिंतींवर होती. मातीची पातळी जोत्यापासून सहा इंच खाली हवी. वर गेली की घराच्या भिंतीला ओल येते, वाळवीलाही वाट मिळते. कुंपणाच्या भिंतीला तर माती टेकवायचीच नाही. एका विटेची भिंत मातीचा दाब सहन करायला बांधलेली नसते, पाणी मुरल्यावर ती बाहेर झुकते. म्हणून कडेने फूटभर सोडून उतार गटाराच्या बाजूला काढला. अर्ध्या गुंठ्याच्या परसात हे सगळं बारकाव्याने करायला लावलं म्हणून मुकादम मला "इंजिनेर ताई" म्हणायला लागला होता.

मृग लागायच्या आत माती पडावी असं ठरवलं होतं, तसं झालं. पहिले मोठे पाऊस झाले तेव्हा मात्र कुणालाही परसात पाय ठेवू दिला नाही. वापसा आल्यावरच, म्हणजे जादा पाणी निचरून माती कामाजोगी झाल्यावरच, सासूबाईंनी वाफे पाडले आणि मेथी, कोथिंबीर टाकली. एका कोपऱ्यात माती दोन-अडीच इंच बसली, तिथे पाणी साचतं. पाऊस संपल्यावर अर्धी ट्रॉली अजून लागेल. शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, सध्या रान ओलं आहे, ट्रॅक्टर रुततो, दसऱ्यानंतर बघू. बांधाकडचीच पाहिजे, एवढं त्याला सांगून ठेवलं आहे.