लेस्टरच्या कोर्टात, तिघांपैकी एक

"मॅजिस्ट्रेट व्हायचा अर्ज केलाय," असं फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे दाखल्यांवर सही-शिक्का देतात ते का गं?" तिच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे विशेष कार्यकारी अधिकारी होते. म्हटलं, नाही, इथे खटले ऐकायचे, शिक्षाही द्यायची. "पण तू तर औषधं देतेस!"

तिचं आश्चर्य रास्त होतं. इंग्लंड-वेल्समध्ये जवळपास प्रत्येक फौजदारी खटला मॅजिस्ट्रेट कोर्टात सुरू होतो आणि 90 टक्क्यांहून जास्त तिथेच संपतात. बेंचवर तिघे बसतात, बहुतेकांचा कायद्याशी पूर्वी काही संबंध नसतो आणि पगारही नसतो. जाण्यायेण्याचा खर्च मिळतो. कायदा सांगायला समोर लीगल ॲडव्हायझर असतो, निर्णय मात्र तिघांचाच. 1361 च्या कायद्यापासून ही पद्धत चालत आली आहे. माझ्यासारखी साताऱ्याहून आलेली फार्मासिस्टही तिथे बसू शकते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मी अर्ज केला 2018 मध्ये. त्याआधी कोर्टात मागच्या बाकावर बसून कामकाज बघावं लागतं. मी तीन वेळा गेले. फॉर्ममध्ये गाडी वेगात चालवल्याबद्दल लायसन्सवर नोंदले गेलेले माझे तीन दंडाचे पॉइंट लिहावे लागले. तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही, पण लपवलं तर होतो.

तेव्हा मुलाखती दोन होत्या. पहिलीत तुमचा स्वभाव आणि समाजाची जाण तपासायचे. त्यातला एक प्रश्न अजून कानात आहे: तुमच्या किंवा जवळच्या माणसांच्या आयुष्यात असं काही आहे का, जे बाहेर आलं तर या पदाला कमीपणा येईल? नाही म्हणायला मला वेळ लागला. एकेक नातेवाईक डोळ्यांसमोरून गेला.

दुसऱ्या मुलाखतीत गुन्ह्यांची यादी हातात दिली आणि गांभीर्यानुसार क्रम लावायला सांगितला. मी घरफोडी सगळ्यात वर ठेवली. "घरात कोणी नव्हतं, तरी?" मी म्हटलं, तरी. माणूस परत येतो तेव्हा त्याचं घर त्याचं राहिलेलं नसतं. मग त्यांनी मारहाणीच्या प्रकरणात एक बारकावा घातला आणि मी ती वर सरकवली. माझ्या मते त्यांना क्रमापेक्षा हेच बघायचं होतं: कारण असेल तर बाई मत बदलते का, आणि नसेल तर ठाम राहते का.

निवड झाल्यावर शपथ. "विदाउट फिअर ऑर फेवर, अफेक्शन ऑर इल विल" हे शब्द म्हणताना मनात मराठीच उमटलं: ममत्वभाव किंवा आकस न बाळगता. आपल्या मंत्र्यांच्या शपथविधीत लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. माझा आवाज तिथे कापला.

खरा कस लागला प्रशिक्षणात. सरावाला दिलेलं प्रकरण असं: लायसन्स मिळून वर्षही न झालेला मुलगा, विमा नसताना गाडी चालवताना सापडला. याला कमीत कमी सहा पॉइंट. पण पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, लेखी आणि गाडीची परीक्षा पुन्हा. त्याचं काम डिलिव्हरीचं. तो म्हणतो, पॉइंट देऊ नका, महिनाभर गाडी चालवायला बंदी घाला, म्हणजे लायसन्स वाचेल. मला ते लगेच पटलं. मग मार्गदर्शक सूचना उघडल्या. त्यांत लिहिलंय की संसदेने नवख्या चालकांसाठी केलेला नियम अशा रीतीने टाळणं सहसा योग्य नाही. मला त्या मुलाचीच कणव येत होती. पण विमा नसलेल्या गाडीखाली जो सापडेल तोही कोणाचा तरी मुलगा असतो, हे मला त्या दिवशी नीट दिसलं. आमच्या गटाने सहा पॉइंट दिले.

हल्ली निवडीत ऑनलाइन चाचणी असते. वर्षाला किमान 13 दिवस द्यावे लागतात, निवृत्तीचं वय 70 वरून 75 झालंय. वकिली येत नाही म्हणून मागे राहू नका, आपल्या लोकांनी यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्याच बैठकीत मला कडेच्या खुर्चीत बसवलं. आम्ही मागच्या खोलीत गेलो तेव्हा मधल्या बाईंनी आधी माझं मत विचारलं, कारण मी सगळ्यात नवी होते. काय सांगितलं ते आईनेही विचारलं. त्या खोलीतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, एवढंच मी तिला सांगितलं.