डॉसनच्या पलीकडच्या काठावर का राहते: तुम्ही विचारलंत म्हणून

‘राहायचंच आहे तिकडे, तर निदान नदीच्या अलीकडे, गावात राहा ना!’ दादा म्हणतो, मावशी म्हणते, वाईच्या मैत्रिणी म्हणतात. दरवेळी मी ‘बघू’ म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

आधी एक. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या या डॉसनला ओसाड गाव म्हणू नका. 1898 मध्ये सोन्यापायी इथे 30 हजारांच्या आसपास माणसं गोळा झाली आणि लगेच पांगलीही, 1953 मध्ये युकॉनची राजधानी इथून व्हाइटहॉर्सला गेली, हे खरं. पण ट्रॉन्डेक ह्वेचिन लोक सोन्याच्या आधीपासून इथले. त्या गर्दीमुळे त्यांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला हलावं लागलं, तरी ते आहेत. आज दीडेक हजार वस्ती आहे. शाळा आहे, दवाखाना आहे. युकॉन नदीवर पूल तेवढा नाही. उन्हाळ्यात सरकारी फेरीबोट चोवीस तास फुकट चालते, हिवाळ्यात गाड्या बर्फावरून जातात. ऑक्टोबरात बोट काढून घेतली की बर्फ धरेपर्यंत आमच्या काठाचा गावाशी संबंध तुटतो.

आई गेली ती नेमकी त्या दिवसांत. वाईत पहाट होती, इथे आदल्या दिवसाची संध्याकाळ. मी काठावर गेले. बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत वाहत होते. विमानतळ पलीकडे. शेजारी होडी काढायला तयार होता, मीच नको म्हटलं. त्याला लहान मुलं आहेत. हेलिकॉप्टरवाल्याला फोन केला. नदीवरून वाफ उठत होती, ढग डोंगराला टेकलेले. उद्या बघू, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. दादाने अग्नी दिला तो मी फोनवर बघितला. मध्येच चित्र थांबलं, तेव्हा पडद्यावर आईचे पाय होते. पुन्हा जोडलं गेलं तोवर ज्वाळा होत्या.

‘तेराव्याला तरी ये,’ दादा म्हणाला. तोवर धुकं उठलं होतं. हेलिकॉप्टर आलं असतं. मी गेले नाही.

कुत्री होती, लाकडं फोडायची होती, उणे 30 मध्ये चूल विझली तर घर आतून गोठतं. ही कारणं खोटी नाहीत. पण शेजाऱ्याने सगळं सांभाळलं असतं, हेही तितकंच खरं. आई नसलेल्या त्या घरात, माणसांच्या गराड्यात, ‘एवढ्या लांब गेलीसच कशाला’ हे ऐकत मला बसायचं नव्हतं. इथे मला हवं तसं, हवं तितकं रडता आलं.

त्या वर्षी मी सगळ्यांना ‘नदीमुळे’ एवढंच सांगितलं. तेव्हाची मी आजही म्हणते, शोक करायला हजेरी लावावीच लागते असं कुणी ठरवलं? मी तिला म्हणते, पाहुणे गेल्यावर आईचं कपाट दादाने एकट्याने आवरलं. यावर ती गप्प बसत नाही. मीही नाही.

आता तर बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. 2017-18 च्या हिवाळ्यात बोटीच्या जागेवर नदी गोठलीच नाही. सरकारने पाणी फवारून बर्फ धरवायचा प्रयत्न केला, तोही फसला. म्हणजे तुमच्या बाजूने मुद्दा वाढलाच आहे, आणि तो मला खोडता येत नाही.

तरीही. मे महिन्याच्या सुमाराला बर्फ फुटतो, त्या क्षणावर गाव वर्षानुवर्षं पैजा लावतं. बर्फावरच्या तिपाईला घड्याळ जोडलेलं असतं, तिपाई हलली की ते थांबतं. त्या दिवशी अख्खं गाव पलीकडच्या काठावर जमतं आणि आम्ही या काठावर. मग बोट सुरू होईपर्यंत पुन्हा वाट बघायची. एवढी वाट बघायला लावणारी जागा मला दुसरी सापडलेली नाही, आणि ती मला लागते. हे दादाला पटेल अशा शब्दांत सांगायला मला जमलेलं नाही.

येत्या ऑक्टोबरातही मी याच काठावर असेन. दादाला तसं कळवलं, तो चिडला. चिडायचा त्याला हक्क आहे.