सिन्टाग्माची भिंत आणि प्रकाशाची पांढर

नंदुरबारला उतरून शहाद्याच्या एसटीनं प्रकाशा या गावी पोचलो, तर मामा फाट्यावर उभेच होते. तापी-गोमाईच्या संगमाकडे चालताना त्यांनी अथेन्सचे फोटो मागितले. मी आधी उघडला तो भुयारी स्टेशनातल्या मातीच्या भिंतीचा. टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिरापेक्षा माझा जीव तिथंच जास्त अडकला होता.

सिन्टाग्मा हे शहराच्या मध्यावरचं मेट्रो स्टेशन, जानेवारी २००० मध्ये सुरू झालेलं. खाली उतरलं की काचेची लांबलचक भिंत लागते आणि काचेमागे जमिनीचा उभा छेद. जुन्या रस्त्याचे थर, भिंतींचे पाये, पाणी वाहून नेणारे भाजक्या मातीचे नळ, आणि एका कबरीत, सापडला तसाच ठेवलेला माणसाचा सांगाडा. ऑफिसला निघालेली माणसं त्याच्या शेजारून रोज जातात. मी दोन गाड्या जाऊ दिल्या, पाय निघेना.

त्याच स्टेशनात आजच्या कलावंतांनाही जागा आहे. झोंगोलोपुलोस या ग्रीक शिल्पकाराची ‘एट्रियम’ ही कलाकृती तिथंच आहे. मला हा शेजार फार आवडला. जुनं ते देव्हाऱ्यात आणि नवं ते गॅलरीत, अशी वाटणी तिथं नाही. ॲक्रोपोली स्टेशनात पार्थेनॉनच्या शिल्पांच्या प्रतिकृती आहेत, तर मोनास्तिराकीला एरिडानोस ही झाकली गेलेली नदी स्टेशनातूनच दिसते.

हे आपोआप झालेलं नाही. बोगदे जुन्या वस्तीच्या थरांखालून, खोलवरून नेले. स्टेशनांच्या जागी मात्र ते थर कापावेच लागणार होते, म्हणून तिथं आधी पुरातत्त्वज्ञ उतरले. केरामेइकोसच्या प्राचीन दफनभूमीपाशी तर मार्गच बदलला.

मामांनी फोटो बोटांनी मोठा केला. “हाई ते आपली पांढरी शे!” ते म्हणाले.

खरंच होतं ते. आम्ही उभे होतो त्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. अशीच जुनी वस्ती गिरणाकाठी बहाळला आहे, तापीकाठी सावळद्याला. चाळीसगावजवळच्या पाटण्याला तर शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली अश्मयुगीन नक्षी मिळाली. शहामृग, आपल्या खानदेशात! हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

मामा सांगत होते, पावसात कड ढासळली की खापरं उघडी पडतात. एक तांबडं खापर त्यांनी काठीनं दाखवलं, वर काळी रेघ. आम्ही ते उचललं नाही.

आपल्या खानदेशात भुयारी रेल्वे नाही, पण फलाट आहेत. नंदुरबार, जळगाव, भुसावळला किती माणसं तासन्‌तास गाडीची वाट बघत बसतात! तिथल्या एका भिंतीवर प्रकाशाचा मातीचा छेद उभा करावा, काचेमागे, मराठी आणि अहिराणी पाट्यांसह. आणि समोरची भिंत सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा चित्रकारांना द्यावी, त्यांच्या मनाला येईल ते रंगवायला. मामांचं म्हणणं, पहिला फलाट नंदुरबारचा. मी जळगावचा धरून बसलो, आणि संगमावर पोचेपर्यंत आमचं त्यावर एकमत झालं नाही.