नेपल्समधल्या तिसऱ्या

"अगो, ह्ये तर तिसरे!"

आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं. इटलीतल्या नेपल्समधली अरुंद गल्ली, डोक्यावर या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या आणि त्यांवर वाळत घातलेले कपडे, टेबलावर कागद अंथरलेला, आणि आईच्या पुढ्यात स्पॅगेटीची बशी. वर उघडलेल्या शिंपल्यांची रास; खाडीत मिळणाऱ्या अशा शिंपल्यांना आमच्याकडे तिसऱ्या म्हणतात. मालवणात जन्म काढलेल्या बाईला त्यांची ओळख कोणी करून द्यायची गरजच नव्हती.

आम्ही तिघी होतो: आई, मी आणि माझी बारा वर्षांची लेक. निघताना ज्याने त्याने एकच विचारलं, आईच्या जेवणाचं काय? म्हणून मी बॅगेत कुळथाची पिठी, मेतकूट आणि तांदूळ भरून घेतले होते. पिठीचं पाकीट जसं नेलं तसंच परत आलं.

नेपल्सला पोचलो तो सोमवार. आईचा सोमवार, म्हणजे मासळी नाही. पिझ्झाच्या दुकानात मी 'मारिनारा' मागवला. नाव दर्यावर्द्यांचं, पण त्यात ना मासा ना चीज. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचं तेल, बस्स. लाकडाच्या भट्टीत तो मिनिट-दीड मिनिटात भाजून होतो. कडा फुगलेल्या, त्यांवर काळे डाग, मध्ये भाकरीच्या पापुद्र्यासारखा मऊ. इथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला 2017 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पीठ हातावर फिरवून थापणाऱ्या त्या पोराकडे आई बघत राहिली. "हात बसलोहा तेचो," एवढंच म्हणाली. भाकरी थापणाऱ्या बाईने दिलेली ही पावती मला फार मोठी वाटते.

मंगळवारी दिवसभर पॉम्पेई बघितलं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. तिथे रस्त्याच्या कडेला खाण्याच्या दुकानांचे ओटे अजून आहेत, ओट्यात रांजण बसवलेले. दोन हजार वर्षांपूर्वीची खानावळच ती. दमून सहा वाजता नेपल्सला परतलो तर पोटात कावळे ओरडत होते आणि जेवणाची ठिकाणं बंद! तिकडे संध्याकाळचं जेवण साडेसात-आठच्या आत सुरू होत नाही. लेकरू किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर हे आधीच लक्षात ठेवा.

साडेसातला एका त्रात्तोरियात शिरलो. त्रात्तोरिया म्हणजे आपल्याकडची घरगुती खानावळ. मालवणात जशा घराच्या पडवीत चार टेबलं मांडून चालवतात, तशीच. आत रांधणारी मालकीण, बाहेर तिचा मुलगा, आणि त्या दिवशी काय आहे ते खडूने पाटीवर लिहिलेलं. मला त्यातला एक शब्द वाचता आला, 'वोंगोले', म्हणजे शिंपले, आणि तेच मागवले. माणशी दोन युरो 'कोपेर्तो' लावतात, ते पाव आणि टेबलाचे; बिलात दिसले तर दचकू नका. पाणी मागितलं की गॅसवालं हवं की साधं ते विचारतात. 'नातुराले' म्हणायचं, नाहीतर सोडा येतो.

तर तिसऱ्या. आई आधी नुसती हुंगून बघत होती. मग एक शिंपला उचलून आतला रस ओठाला लावला. "ह्यात खोबरा नाय. कांदो नाय. मसालो नाय." मला वाटलं, संपलं आता. पण तिने दुसरा उचलला, तिसरा उचलला. "वाळूचो एक कण नाय गो!" तिसऱ्या खाणाऱ्यालाच कळेल या वाक्याचं मोल. रांधण्याआधी तास-दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांना वाळू टाकायला लावावी लागते. त्यात कोणी घाई केली की सगळं जेवण दाताखाली करकरतं.

तिथले वोंगोले आणि आपल्या तिसऱ्या एकाच कुळातल्या. करण्याची तऱ्हा मात्र वेगळी. आपण विळीवर उघडून एक शिंप टाकतो आणि एकशिपी करतो. ते अख्ख्याच तापल्या तेलात, लसणीवर टाकतात, थोडी पांढरी वाइन ओततात आणि झाकण ठेवतात. वाफेने शिंपले आपोआप उघडतात आणि त्यांचं खारट पाणी तेलात उतरतं. स्पॅगेटी जरा कच्ची असतानाच काढून त्याच पॅनमध्ये घालायची, बरोबर तिचं उकळलेलं पाणी डावभर. ते पाणी पेजेसारखं असतं, आणि त्यानेच तेल आणि रस मिळून येतात. वरून पार्सली. तिला आई शेवटपर्यंत "वास नसलेली कोथमीर" म्हणत होती.

लेकीने चीज मागितलं. मालकिणीच्या मुलाने छातीवर हात ठेवून मान हलवली: माशांवर चीज नाही. मला ते आवडलं. गिऱ्हाईक म्हणेल ते देणाऱ्यापेक्षा आपल्या पदार्थाची अब्रू राखणारा खानावळवाला कधीही बरा.

आईच्या बशीत एक शिंपला बंद राहिला होता. तिने तो बोटाने काठाशी सारला; न उघडलेली तिसरी आपल्याकडे कोणी खात नाही. मालकीण तेवढ्यात बाहेर आली होती. तिने तो बाजूला सारलेला शिंपला पाहिला, आईकडे पाहिलं आणि हसून मान डोलावली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मग मालकिणीने पावाचा तुकडा मोडून आईच्या हातात दिला आणि बशी पुसून घेण्याची खूण केली. याला ते 'स्कार्पेत्ता' म्हणतात. आईने बशी लख्ख केली.

घरी आल्यावर महिनाभराने कालावलच्या खाडीतल्या तिसऱ्या मिळाल्या, सकाळच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, काढलेल्या, दोन वाटे. एका वाट्याचं आईने खोबरं घालून सुकं केलं. दुसरा लसूण आणि खोबरेल तेलावर, झाकण ठेवून, अख्खा. वाइनच्या जागी कोकमाचं थोडं आगळ. स्पॅगेटी घरात नव्हती, म्हणून लेकीच्या हट्टाखातर शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, तांदळाच्या शेवया, आमचे शिरवाळे, गरम गरम पाडले आणि रस त्यांवर ओतला. एरवी शिरवाळे नारळाच्या गोड रसात खायचे, त्यामुळे पहिला घास जपूनच घेतला. चव जमली होती. मात्र तांदळाचे शिरवाळे गव्हाच्या स्पॅगेटीसारखा दम धरत नाहीत, पाच मिनिटांत गोळा होतो. पुढच्या खेपेला तिसऱ्या आधी उघडून तयार ठेवायच्या आणि सगळे पानावर बसल्यावरच शिरवाळे पाडायचे, असं आईने ठरवलं आहे.