नाव झाकून तपासा

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले तेव्हा शाळेला सुटी होती. जूनमध्ये शाळा उघडली आणि मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, १९ जुलैला सरांची जयंती. शनिवार आहे, सकाळची शाळा. नववीचे दोन तास तुम्हाला देतो, काहीतरी करा."

माझं पहिलं 'काहीतरी' साफ फसलं. आठवडाभर आधी परिपाठात मी चरित्र सांगितलं. कोल्हापूरचा जन्म, बनारसचं बालपण, केंब्रिज, तिथले गुरू फ्रेड हॉईल, १९८८ ला पुण्यात उभी राहिलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, पद्मविभूषण. मागच्या रांगेतल्या एका मुलीचा प्रश्न आला, "बाई, हे परीक्षेला आहे का?" चूक तिची नव्हती. पुरस्कारांची यादी ऐकताना मलाही कंटाळा येतो.

मग १९७४ ची गोष्ट सांगितली. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकर तेव्हाच नामवंत, परीक्षक नाव बघून दबतील. म्हणून कथा पाठवली 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती उतरवून काढली पत्नी मंगलाताईंनी. 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे ऐकताना पोरं सरसावून बसली. चोरून काहीतरी केलंय म्हटल्यावर नववीला झोप येत नाही.

तिथूनच मला दोन तासांचा विषय सापडला. २००८ च्या सुमारास नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. २०० मुलांच्या कुंडल्या, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. नावं काढून टाकलेली, फक्त क्रमांक. प्रत्येक ज्योतिषाकडे ४० कुंडल्या. कोणती कुठल्या गटातली, ते ओळखायचं. आमच्या वर्गातल्या एका मुलाचा भाऊ विशेष शाळेत जातो, हे मला ऐनवेळी आठवलं. फळ्यावर मी फक्त 'अ' आणि 'ब' लिहिलं.

आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी ४० वेळा नाणं उडवलं, छापा आला की अ, काटा आला की ब. सासूबाई म्हणाल्या, "जुगार कधीपासून सुरू केलास?" उत्तरांचा कागद पाकिटात घालून, चिकटवून सकाळीच मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवला. मलाही तो पाठ नव्हता, हे मुलांना मुद्दाम सांगितलं.

बातमी गावात आधीच पोचली होती. एक पालक आले. "पत्रिका बघू नका असं शिकवताय म्हणे?" मी म्हटलं, नाणी उडवतोय, बसा तुम्हीही. ते बसले.

४६ मुलं आणि एक पालक. प्रत्येकाने ४० वेळा नाणं उडवून क्रमाने अ किंवा ब लिहायचं. बाकांवर इतकी नाणी खणखणली की शेजारच्या वर्गातून निरोप आला. मग पाकीट फोडलं आणि प्रत्येकाने आपापलं ताडून पाहिलं. वर्गाची सरासरी विसाच्या जराशी खाली आली. पालकांना १९. सात जणांना २४ किंवा जास्त, आणि एका पठ्ठ्याला चक्क २७! त्याला लगेच 'महाराज' नाव पडलं.

तेव्हा मी फळ्यावर खरे आकडे लिहिले. उत्तरं पाठवली २७ ज्योतिषांनी. चाळीसपैकी २८ बरोबर आली तरच ते ज्ञान मानायचं, असं ठरलं होतं. सर्वांत जास्त आली २४. सगळ्या २०० कुंडल्या पाहणाऱ्या एका संस्थेची १०२ बरोबर आली. म्हणजे निम्म्याहून दोन जास्त.

"म्हणजे महाराज त्यांच्यापेक्षा भारी!" एकच गलका झाला. महाराजांना पुन्हा ४० वेळा नाणं उडवायला लावलं. या वेळी १८. तो ओशाळला, पण मला जे दहा वाक्यांत समजावता आलं नसतं ते त्या अठराने समजावलं. पालक काही न बोलता गेले. त्यांचं मत बदललं असं मला वाटत नाही, पण १९ हा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

गोष्ट इथेच थांबली असती. सोमवारी तीच मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "बाई, मग आमचे पेपरही नाव झाकून तपासा ना."

वर्ग गप्प झाला. मीही. एकवीस वर्षं पेपर तपासतेय. नाव वाचल्यावर पेनाचा हात सैल होतो किंवा आवळतो, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

घटक चाचणीला मुलांनी नावाऐवजी चिठ्ठीतून निघालेले क्रमांक टाकले. पहिलाच पेपर उघडला आणि पुढे झुकलेला 'र' पाहून मी ओळखलं कुणाचा ते. दुसराही ओळखला. तिसऱ्यानंतर पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं.

"सोपं आहे, बाई," ती म्हणाली. "आम्हाला पण एकेक मंगलाताई द्या."