जुन्या सेस्नात टॅबलेट आणि फोनसाठी वीज: संभाजीनगर–नांदेड–लातूर हवाई फेरीचा वृत्तांत

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनी फ्लाइंग क्लबाच्या सेस्ना १७२ विमानातून छत्रपती संभाजीनगरहून नांदेड, तेथून लातूर आणि पुन्हा संभाजीनगर अशी त्रिकोणी फेरी केली. तिन्ही टप्पे मिळून अंतर सुमारे २९० सागरी मैल भरले आणि हवेत जेमतेम तीन तास गेले. उतरण्याच्या परवानग्या आधीच घेतल्या होत्या, दोन्ही टाक्या निघतानाच पूर्ण भरल्या होत्या आणि हवामानानेही साथ दिली. अडचण आली ती विजेची. आमचे विमान १९७५ सालचे आहे आणि फोन किंवा टॅबलेट लावण्याजोगी त्यात एकच जागा आहे, ती म्हणजे सिगारेट लायटरचे सॉकेट. अशाच जुन्या विमानातून मराठवाड्यात फिरू पाहणाऱ्यांना आमचा अनुभव उपयोगी पडावा, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी क्लबाच्या इंजिनिअर साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा चार्जर किती व्होल्टपर्यंत चालतो, ते वाचलंत का?" हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे. आमच्या विमानाची विद्युत यंत्रणा १४ व्होल्टची आहे, म्हणजे बॅटरी १२ व्होल्टची आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीजजनक, तिला १४ व्होल्टने भरतो. परंतु १९७८ च्या मॉडेलपासून सेस्ना १७२ मध्ये २८ व्होल्टची यंत्रणा आली आणि सेस्ना १५२ तर पहिल्यापासूनच २८ व्होल्टची आहे. बाहेरून सॉकेट तेच दिसते. मात्र मोटारीसाठीचा केवळ १२ व्होल्टचा चार्जर २८ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला, तर तो जळतो आणि कधीकधी सोबत टॅबलेटही खराब करतो. त्यामुळे चार्जरवर १२ ते २४ व्होल्ट असे छापलेले असले तरी तेवढ्यावर थांबू नये. तो ३० व्होल्टच्या वर टिकतो, याची खात्री करून घ्यावी.

सकाळी सव्वासातला संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून उड्डाण केले आणि ५,५०० फुटांवर नांदेडची दिशा धरली. हा मार्ग सोपा आहे, कारण जालना डावीकडे ठेवून पुढे गेले की परतूर, सेलू, परभणी आणि पूर्णा ही गावे जोडणारा लोहमार्ग बहुतेक ठिकाणी खाली किंवा थोडा बाजूला दिसत राहतो. सेलू मागे पडल्यावर हेडसेटमध्ये सतत खरखर सुरू झाली आणि नांदेडशी संपर्क साधण्याची वेळ आली तेव्हा समोरचे बोलणे अर्धेच कळू लागले. मी रेडिओची बटणे फिरवत बसलो होतो. शेवटी सहकारी म्हणाला, "दादा, आधी तो चार्जर काढून बघा." चार्जर काढताच आवाज स्वच्छ झाला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १४ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना चार्जरमधील सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि स्वस्त चार्जरमध्ये या क्रियेतून निघणाऱ्या लहरी अडवण्याची सोय नसते. त्या लहरींचे अंश ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ या विमानाच्या रेडिओपट्ट्यापर्यंत पोहोचतात आणि तेथील संभाषण एएम, म्हणजे लहरीची ताकद कमीजास्त करून आवाज पाठवण्याच्या, पद्धतीचे असल्याने ही खरखर थेट कानात येते. म्हणून नवा चार्जर जमिनीवरच तपासावा: इंजिन चालू ठेवून, रेडिओचा स्क्वेल्च (संभाषण नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडून, चार्जर लावताना आणि काढताना आवाजात फरक पडतो का ते ऐकावे आणि ही तपासणी टॅबलेटची बॅटरी निम्म्यावर असताना करावी, कारण भरलेला टॅबलेट वीज ओढत नाही आणि दोष लपून राहतो. केबलवर फेराइटची (अशा लहरी शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी चढवल्याने आम्हाला थोडा फायदा झाला, पण खरा उपाय चार्जर बदलणे हाच आहे.

नांदेडहून लातूरचा टप्पा चाळीस मिनिटांचा होता आणि तो आम्ही पॉवर बँकेवर काढला. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ३७ वॉट-तास ऊर्जा असते. रूपांतरातील घट वजा केली तर तीसेक हाती येते आणि पूर्ण प्रकाशावर सात-आठ वॉट ओढणारा टॅबलेट तेवढ्यावर जवळजवळ चार तास चालतो. हा हिशेब मांडल्यावर सॉकेटवर अवलंबून राहण्याचे कारण उरत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र पॉवर बँक हाताशी आणि सावलीत ठेवावी. ती सीटखाली किंवा कपड्यांत दडपू नये, कारण लिथियम बॅटरी तापून पेटली तर ती लगेच दिसली पाहिजे.

लातूरहून निघेपर्यंत दुपार झाली होती. आंबेजोगाई उजवीकडे आणि पुढे बीड डावीकडे ठेवून ६,५०० फुटांवरून येताना बाहेरची हवा बरीच थंड होती, तरीही नकाशा पाहण्यासाठी काचेमागे उन्हात बसवलेला टॅबलेट गोदावरी ओलांडण्याआधीच तापून बंद पडला. तापलेला टॅबलेट चार्ज करत राहणे म्हणजे त्यात आणखी उष्णता भरणे होय. यापुढे तो मांडीवर किंवा योकवर (विमानाच्या हँडलवर), ताज्या हवेच्या झोताजवळ ठेवायचा आणि उन्हात चार्जिंग थांबवायचे, असे आम्ही ठरवले. कागदी नकाशा सोबत होता आणि डावीकडे दूरवर नाथसागराचे पाणी चमकत होते, त्यामुळे मार्ग चुकला नाही. त्याच वेळी लक्षात आले की टॅबलेटच्या आवरणातील चुंबकामुळे होकायंत्र बरेच अंश भलतीकडे दाखवत होते. असे आवरण होकायंत्राजवळ नेऊच नये.

सॉकेट वापरायचेच असेल, तर इंजिन सुरू झाल्यावर चार्जर लावावा आणि बंद करण्यापूर्वी काढावा, कारण स्टार्टरच्या वेळी विजेचा दाब खालीवर होतो. सॉकेटचा ब्रेकर (जादा वीज वाहिल्यास प्रवाह तोडणारे बटण) उडाला, तर तो हवेत पुन्हा दाबू नये; तो विमानाच्या तारा वाचवण्यासाठी असतो. अल्टरनेटर बंद पडल्याचे ॲमीटरवर (विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या मापकावर) दिसले, तर सर्वप्रथम चार्जर काढावा. बॅटरीशिवाय ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोमुळे इंजिन चालूच राहते, पण रेडिओसाठी बॅटरीतील प्रत्येक अँपिअर जपावा लागतो.

परतल्यावर इंजिनिअर साहेबांनी लायटरचे सॉकेट उघडून पाहिले, तेव्हा आतील स्प्रिंग सैल होऊन संपर्क काळवंडलेला आढळला. त्या जागी विमानासाठी प्रमाणित यूएसबी सॉकेट बसवण्याची आम्ही विनंती केली आहे. हे काम परवानाधारक अभियंत्याने मान्य कागदपत्रांनुसार करून लॉगबुकमध्ये नोंदवायचे असते, त्यामुळे पुढच्या तपासणीपर्यंत सॉकेटचा ब्रेकर ओढून त्यावर चिठ्ठी लावली आहे.